पुतणीच्या चौकशीत मी काय बोलले

चौकशीचा माणूस आला तेव्हा मी दारात खुर्ची टाकून ब्लाऊजला हुक लावत बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. साधे कपडे, पायात चपला, काखेत प्लास्टिकची फाइल. मला वाटलं विम्याचा एजंट, म्हणून तो बोलायच्या आधीच मी हातानं 'नको, नको' केलं. तर तो हसून म्हणाला, "मावशी, विकायला नाही आलो. वरच्या मजल्यावरच्या मुलीची चौकशी करायची आहे."

चौकशी म्हटल्यावर मी सुई कापडात टोचून ठेवली आणि त्याला आतून दुसरी खुर्ची आणून दिली. आमच्याकडे चौकशी म्हणजे लग्नाची. दुसरी कसली असते ते मला तोवर ठाऊकच नव्हतं. गेली तीस वर्षं आमच्या कॉलनीत मुलामुलींच्या चौकशा माझ्याच दारात येतात, कारण आमचं घर कोपऱ्यावर आहे आणि मी कायम दारात बसलेली असते. त्याचे नियम असतात. शेजाऱ्याचं चांगलंच सांगायचं. घरावर कर्ज असलं तर 'खाऊनपिऊन सुखी आहेत' म्हणायचं. बाप पिणारा असला तर 'माणूस मोकळा आहे' म्हणायचं. याला आम्ही खोटं बोलणं म्हणत नाही. आज मी त्यांचं झाकलं तर उद्या ते माझं झाकतील, एवढाच हिशेब.

आणि कुणाचं मोडायचं असेल तर वाईट बोलायचंच नाही. नुसतं 'हं...' म्हणायचं आणि ते थोडं लांबवायचं. समोरचा काय ते समजतो. मी हे आयुष्यात एकदाच केलंय, कुणाच्या बाबतीत ते सांगणार नाही.

तर सवयीनं मी सुरू झाले. "मुलगी लाखात एक हो. शिकलेली आहे, पण घरकामाचा कंटाळा नाही. भाकरी अशी करते की बघत राहाल. आवाज कधी चढत नाही..."

त्यानं पेन काढलं होतं ते तसंच हातात धरून म्हणाला, "मावशी, मला तिचं लग्न नाही जमवायचं. तिला नोकरी लागलीय ना, त्याची पडताळणी आहे. भाकरीचं मी लिहून काय करू?"

इथं जरा थांबून आमच्या घराचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते. खालचा मजला आमचा, वरचा त्यांचा. दोघा भावांनी मिळून घर बांधलं. माझे मालक एकलहऱ्याच्या वीज केंद्रात होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. दीर रेल्वेत, मनमाडला रोज जाऊन-येऊन नोकरी केली त्यांनी, आता घरी असतात आणि पेपर वाचतात. जाऊ एका शाळेच्या कचेरीत कारकून होती. तिला पेन्शन आहे. मला शिलाई मशीन आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं वाचायला मी माझी मी शिकले, किराण्याच्या पुड्यांवरून, मग मालकांच्या पेपरावरून. जाऊ लग्न होऊन आली तेव्हा बारावी झालेली होती. सासूबाईंनी तिच्या हातात पहिल्याच आठवड्यात वीजबिल दिलं आणि म्हणाल्या, "वाच गं, किती आलंय." त्याआधी आठ वर्षं ते बिल मी वाचत होते. त्या दिवसापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते आजतागायत दुखतंय. जाऊ वाईट नाही. वाईट असती तर बरं झालं असतं, जळायला काही कारण तरी मिळालं असतं. ती सणाला पहिला नैवेद्य मला विचारून दाखवते, माझ्या गुडघ्यांसाठी तेल आणते, आणि मला ते तेल लावतानाही वाटतं, हिला पैसे आहेत म्हणून हिला सुचतं.

तिला एकच मुलगी. मला एकच मुलगा. मुलगी माझ्या हातावर वाढली, कारण आई कचेरीत असायची. मला मोठी आई म्हणते आणि अरेतुरे करते. अशा मुलीवर कुणी जळतं का? मी जळले. माझ्या मुलानं एका सरकारी कारखान्याची परीक्षा तीनदा दिली. उंच भिंतींचा कारखाना आहे, आत फोनसुद्धा नेता येत नाही, तिथं काय चालतं ते बाहेर कुणी बोलत नाही, आणि नोकरी लागली की जन्माची सोय. तीनदाही थोडक्यात गेलं. मग वय संपलं. आता तो बसस्टँडच्या मागे मोबाईल दुरुस्त करतो. आणि माझ्या पुतणीनं तीच परीक्षा दिली आणि पहिल्याच फटक्यात पास झाली. जाऊ पेढे घेऊन खाली आली तेव्हा मी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "यंदा पेपर सोपा होता म्हणतात." जाऊ नुसती हसली. तिचं ते हसणं मला सगळ्यात जास्त लागतं.

आता खरी गोष्ट.

मुलाच्या दुकानासाठी दोन वर्षांपूर्वी एका पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं. दोन जामीनदार पाहिजे होते, पगाराची पावती असलेले. एक त्याचा मित्र झाला. दुसरी माझी पुतणी. ती तेव्हा गंगापूर रोडला एका खासगी ऑफिसात कामाला होती. मी जिन्यातून हाक मारली, ती ओल्या केसांनी खाली आली, उभ्या उभ्या तीन ठिकाणी सह्या केल्या आणि म्हणाली, "दादा, मला आता मोबाईलचं कव्हर फुकट." घरातलं माणूस जामीन मागतं तेव्हा वाचत कुणी बसत नाही. वाचत बसलं तर राग येतो.

पहिलं वर्ष हप्ते गेले. मग बाजूला दुसरं मोठं दुकान झालं आणि आमच्या दुकानाची गिऱ्हाईकं तिकडे वळली. हप्ते थकले. पतसंस्थेनं नोटीस काढली, ती मुलाला आली, आणि तशीच जामीनदारालाही आली. पोस्टमन घरातली सगळी टपालं माझ्याच हातात देतो. पुतणीच्या नावाचं पाकीट मी फोडलं, वाचलं, आणि मशीनच्या खणात ब्लाऊजच्या कागदी मापांखाली ठेवून दिलं. वाटलं, पुढच्या महिन्यात मुलगा भरेल, कशाला वर कळू द्यायचं. पुढच्या महिन्यात दुसरं आलं. मग तिसरं. तिन्ही खणात.

नोकरीचा फॉर्म भरायला मुलगी मुद्दाम खाली माझ्याकडे बसली, कारण वर दीर टीव्ही मोठा लावतात. चाळीस-पन्नास प्रश्न होते. पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात. पोलिसांनी कधी धरलं होतं का. कुठली केस आहे का. परदेशात कोण आहे. कॉलेजात असताना फी वाढली म्हणून त्यांचा मोर्चा निघाला होता, पोलिसांनी सगळ्यांना गाडीत बसवून नेलं आणि संध्याकाळी सोडून दिलं. जाऊ म्हणाली, "ते कशाला लिहितेस? केस थोडीच झाली." मुलगी म्हणाली, "आई, विचारलंय तर लिहिते." आणि लिहिलं.

मग ती माझ्याकडे वळली. "मोठी आई, इथं कर्ज आणि जामीन विचारलंय. दादाच्या कर्जाचं काय झालं? फिटलं का चालू आहे?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेली जाऊ म्हणाली, "अगं, ताईंना काय विचारतेस? दादाला फोन कर. ताईंना यातलं कुठलं माहीत असणार."

बस्स. तीस वर्षांपूर्वीचं ते वीजबिल पुन्हा दुसरीच्या हातात गेलं असं मला झालं. मी म्हणाले, "का, मला का नाही माहीत? फिटलं. केव्हाच फिटलं. दिवाळीलाच." मुलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ 'नाही' लिहिलं आणि पान उलटलं. जिथं हे घडलं तिथून मशीन दोन हातांवर होतं.

तर तो चौकशीचा माणूस माझ्या दारात बसला होता आणि मला हे सगळं माहीत होतं.

तो एकेक विचारत गेला. कधीपासून ओळखता? म्हटलं, नाळ पडायच्या आधीपासून. घरी कोण येतं-जातं? भांडणतंटा? काही व्यसन? जुगार, ऑनलाइन खेळ, असलं काही? मी नाही, नाही म्हणत गेले आणि ते खरंच होतं. मग त्यानं विचारलं, "खर्चाला कशी आहे? पगारापेक्षा जास्त उडवते वगैरे?"

आणि माझ्या तोंडून ते निघालं. "हं..."

मी ते लांबवलं. ठरवून नाही, पण अडवलंही नाही. त्यानं मान वर केली. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही हो. आजकालची मुलं. स्कूटर घेतली, फोन महागाचा आहे. आईबाप आहेत द्यायला."

त्यानं दोन ओळी लिहिल्या. दोन ओळी लिहायला किती वेळ लागतो? मला तेवढ्यात छातीत गार गार वाटलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. जिन्यातून पेढे घेऊन येणारी जाऊ डोळ्यांपुढे आली आणि वाटलं, आता बघू.

"कुठलं कर्ज? कुणाला जामीन आहे?"

"नाही," मी म्हणाले.

एकाच बैठकीत मी तिच्यावर डाग टाकला आणि माझा डाग झाकला. त्यानं कागद पुढे केला, म्हणाला, "सांगितलेलं खरं आहे म्हणून सही करा." मी सही केली. मला सहीचा अभिमान आहे, अंगठा कधी लावला नाही, म्हणून मी सावकाश, पूर्ण नाव काढून सही करते. तशीच केली.

उठताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, कर्ज असलं तर नोकरी देत नाहीत का हो?"

"देतात की. कर्ज कुणाला नसतं मावशी? माझं घराचं चालू आहे." तो फाइल बंद करत म्हणाला. "आतलं काम जपायचं असतं. पैशानं अडलेला माणूस कुणीतरी बाहेरचा येऊन हाताशी धरू शकतो, म्हणून विचारतात. सांगितलं, फेडतोय म्हटलं, की बहुतेक वेळा भागतं. पण फॉर्मवर नाही लिहिलं आणि मागून सापडलं, तर मग अवघड. जो इथं लपवतो तो आत गेल्यावरही लपवेल, असं धरतात."

"आणि सापडतं कसं?"

"बँका, पतसंस्था, सगळीकडे नाव टाकलं की येतं. आठ-पंधरा दिवसांत येईल तिचं."

तो गेला. मी पुढचे चार हुक उलटे लावले.

लग्नाच्या चौकशीत झाकलं की जमतं. इथं झाकलं की मोडतं. आणि हे झाकणारी मुलगी नव्हती, मी होते. पण फॉर्मवर सही तिची होती.

दुपारी मुलगा जेवायला आला. मी ताट वाढून तिन्ही पाकिटं ताटाच्या बाजूला ठेवली. विचारलं, "किती हप्ते थकलेत?"

"दोन-तीन."

"खरं सांग."

"सात." घास तसाच हातात. "आई, तू हे तिला दिलंच नाहीस?"

मी त्याला सगळं सांगितलं. चौकशीच्या माणसाचं, फॉर्मचं, माझ्या 'हं'चंही. ते सांगायला नको होतं मुलाला, पण सांगितलं. त्यानं भात चिवडला. मग म्हणाला, "अजून सापडलं तर नाही ना? पंधरा दिवस आहेत. आणि एकदा ती लागली की पगार चांगला आहे. तीच भरेल काहीतरी. आपलीच आहे."

मला त्याचं तोंड बघवेना. कारण हे मीसुद्धा मनात म्हणून झाले होते. ती लागली तरी आपला फायदा, नाही लागली तरी जाऊ माझ्या पातळीला येते. दोन्हीकडून मी मोकळी. असा विचार माझ्या डोक्यात पूर्ण तयार होऊन बसला होता, आणि मुलाच्या तोंडून ऐकेपर्यंत मला तो घाण वाटला नव्हता.

मी पाकिटं उचलली आणि जिना चढले. चौदा पायऱ्या. माझ्या गुडघ्यांना त्या नेहमीच जास्त वाटतात. वर जाऊ मेथी निवडत बसली होती, दीर झोपले होते. मुलगी अजून यायची होती. मी उभी राहूनच पाकिटं जावेच्या परातीशेजारी ठेवली.

तिनं चष्मा लावला. कारकुनी केलेली बाई, तिला एक नजर पुरते. पहिलं वाचलं, दुसरं वाचलं, तिसऱ्याची तारीख बघितली.

"माझ्या पोरीच्या नावाची पत्रं तुम्ही फोडलीत, ताई?"

"हो."

"आणि ठेवून दिलीत."

"हो."

"आणि त्या दिवशी मी समोर असताना म्हणालात, फिटलं."

"तू म्हणालीस ना, ताईंना कुठलं माहीत."

तिनं चष्मा काढला. हातातली मेथीची काडी खाली ठेवली. मग आवाज न चढवता म्हणाली, "तुम्हाला माझं नेमकं काय बघवत नाही हो?"

मी म्हणाले, "सगळंच."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला हाकलून देईल. तिनं परात बाजूला सारली आणि म्हणाली, "बसा. उभ्यानं बोलू नका, गुडघे धरतील." त्या क्षणी तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. तिनं बसायला सांगितलं आणि मला पुन्हा तेच झालं, की हिला हेही कसं जमतं.

तिथं बसून मी दारातल्या चौकशीचंही सांगितलं. 'हं' सांगायला सगळ्यात जड गेलं. ते ऐकून मात्र ती चिडली. "स्कूटर? ती स्कूटर तिनं तिच्या पगारातून घेतलीय! हप्ता संपवूनच दम घेतला पोरीनं! आणि कर्ज बुडवणारे तुम्ही, आणि उधळी ती?" खाली माझ्या मुलाला ऐकू गेलं असेल एवढं मोठ्यांदा. दीर उठून बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि परत आत गेले.

मुलगी साडेसहाला आली. तिला आईनंच सांगितलं. मी समोर बसून होते. ती पैशाचं काहीच बोलली नाही. एवढंच म्हणाली, "मोठी आई, मोर्च्याचं लिहिताना मला भीती वाटत होती, तरी लिहिलं. आणि हे मी तुझ्या एका शब्दावर 'नाही' लिहिलं. पुन्हा विचारलंसुद्धा नाही."



दुसऱ्या दिवशी आम्ही कामाला लागलो. जाऊ म्हणाली, "थकलेले सात हप्ते मी भरते, आजच्या आज. ते नंतर बघू."

मी म्हणाले, "तुझे पैसे घेतले तर मी उभ्यानं मरेन."

"आता तरी सोडा ना ताई ते!"

"नाही सुटत."

मी माझ्या पाटल्या मोडल्या. शिलाईच्या पैशांतून केलेल्या होत्या, एका सणाला एक, दुसऱ्या सणाला दुसरी. कुणाला वाटेल हे प्रायश्चित्त होतं. नव्हतं. मला तिचे उपकार नको होते, एवढंच. चांगलं काम माणूस कशासाठी करतो ते सगळंच सांगण्यासारखं नसतं, पण मी लिहायलाच बसलेय तर लिहिते. मुलगा माझ्याबरोबर सराफाकडे आला, पाटल्या काट्यावर ठेवताना बाहेर जाऊन उभा राहिला. पतसंस्थेत सात हप्ते आणि वरचा दंड भरला, थकबाकी नाही असा कागद घेतला. पुढचे हप्ते मुलानं भरायचे. दुकानातच त्यानं दुसऱ्याची झेरॉक्सची दोन मशीनं ठेवून घेतलीत, जागेचं भाडं येतं. भरतोय आता.

मग मी, जाऊ आणि मुलगी तिघी चौकशीच्या त्या साहेबांच्या कचेरीत गेलो. मुलीनं अर्ज लिहिला होता, की फॉर्ममध्ये चुकून 'नाही' लिहिलं गेलं, मी जामीन आहे, थकबाकी होती, आता भरली, हा कागद. साहेबांनी वाचला आणि माझ्याकडे बघितलं. ओळखलं त्यांनी.

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होता काही कर्ज नाही. सही आहे तुमची."

"खोटी आहे ती," मी म्हणाले. "सही खरी आहे, सांगितलेलं खोटं."

जाऊ मला कोपरानं ढोसत होती की कमी बोला.

साहेब म्हणाले, "असं तोंडी चालत नाही. तुमचा नवा जबाब लागेल. मी लिहून घेऊ का?"

मी म्हणाले, "मी लिहिते."

मला कोरा कागद दिला. भिंतीला लावलेल्या बाकावर बसून, फाइल मांडीवर घेऊन मी लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा सरकारसाठी मी माझ्या हातानं काही लिहीत होते, आणि ते हे. नोटिसा आल्या, मी फोडल्या, मी लपवल्या, मुलीनं विचारलं तेव्हा मी फिटलं म्हणून सांगितलं. स्कूटरबद्दल मी बोलले ते वाईट हेतूनं बोलले, मुलगी उधळी नाही. तासभर लागला. जावेनं एकदा वाकून बघितलं आणि एका शब्दाकडे बोट करायला गेली, मी हात आडवा केला. काय चुकलं असेल ते माझं चुकू दे.

साहेबांनी वाचून म्हटलं, "सगळं आहे. फक्त कारण नाही. का सांगितलंत खोटं? वरचे विचारतील."

मी पेन परत घेतलं. जाऊ शेजारी बसली होती. तिच्या देखत लिहिलं, "धाकट्या जावेसमोर कमीपणा वाटला म्हणून. तिच्यावर मी पहिल्यापासून जळते."

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "मावशी, एवढं नसतं लिहायचं."

"विचारलंत ना?"

त्यांनी कागद फाइलीला लावला. जावेनं बाहेर येऊन रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?" मी वीजबिलाचं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मला तर ते आठवतही नाही." बघा. माझ्या जन्माची जळजळ, आणि तिला आठवतही नाही.

त्यानंतर नुसती वाट बघणं. मुलीबरोबरची बाकीची पोरं एकेक करून रुजू झाली. तिचं काही येईना. महिना गेला, दुसरा गेला. जुन्या नोकरीचा राजीनामा तिनं निवड झाल्यावर दिला होता, त्याची मुदत संपली, ती घरात बसून होती. मला दारात बसलेली बघून लोक विचारायचे, "काय, पुतणीचं झालं का?" मी म्हणायचे, कागद पुढे गेलेत. कुणी 'हं' असं लांबवलं की माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि जाऊ? तिनं त्या तीन महिन्यांत मला एकदाही टोचून बोलून दाखवलं नाही. फक्त माझ्याकडे बसायला येणं बंद केलं. तेल संपलं, तिनं नवं आणलं नाही. मला आयुष्यभर तिच्यापेक्षा वर बसायचं होतं, आणि आता ती नुसती परत खाली येऊन माझ्या खुर्चीशेजारी बसावी एवढंच मला हवं होतं. मुलीला नोकरी मिळावी म्हणून मी देवापुढे बसायचे तेव्हा निम्मं तिच्यासाठी असायचं, निम्मं माझ्यासाठी. नाही मिळाली तर मी त्या घरात कोण म्हणून राहू?

एका दुपारी वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जाऊ मोठ्यानं काहीतरी बोलली, मग दीर धावले. मी हातातलं कापड टाकलं. जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले. रडतायत का हसतायत ते कळेना. वर जायची हिंमत होईना, कारण मला कुणी बोलावलं नव्हतं.

शेवटी जाऊच कठड्याशी आली. डोळे लाल. "काय ताई, तिथंच उभ्या राहणार? यायचंय का पत्रिका पाठवू?"

मी चढले. मुलगी फोन हातात धरून पलंगावर बसली होती. मेल आला होता. सोमवारी रुजू व्हायचं होतं. तिच्याबरोबरचे सगळे तिच्या पुढे गेले, नोकरी संपेपर्यंत ती त्यांच्या मागेच राहणार, ते माझ्या खात्यावर. पण मिळाली. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि खोटं नाही सांगत, त्याच घटकेला मला माझा मुलगा आठवला आणि पोटात तेच दुखलं. जुनं दुखणं. मी ते तिथंच गिळलं.

मुलगी म्हणाली, "मोठी आई, आता दर वर्षी लिहून द्यावं लागणार. कर्ज काय, मालमत्ता काय, कुणाला जामीन आहे. दादाचं हे कर्ज फिटेपर्यंत मी आहे. पण त्यानंतर मी कुणाला जामीन राहणार नाही. दादालाही नाही. तू मागितलंस तरी नाही."

जाऊ म्हणाली, "अगं, आज कशाला हे?"

"आजच सांगते. नंतर राहून जाईल."

ती माझा हात हातात धरूनच हे बोलत होती. लहानपणी ताप आला की धरायची तसा. मी म्हणाले, "नको राहू. आणि मी मागितलं तर आईला सांग."

"तिला कशाला? मीच नाही म्हणेन तुला."

"तेही बरोबर," मी म्हणाले. जाऊ रव्याचा डबा काढत होती, शिरा करणार होती. रवा चाळायला मी तिच्या शेजारी बसले. तिनं चाळणी माझ्याकडे सरकवली.